राबावरचा नाच

भात पेरायच्या आधी आमच्याकडे राब भाजतात. रोपांच्या जागेवर शेण, फांद्या, पाला असे थर रचायचे, वर थोडी माती टाकायची आणि पेटवायचं. जमीन भाजली की तण मरतं. काम सकाळी, वारा नसताना उरकायचं, नाहीतर आग बांध ओलांडते. हे मला कुणी शिकवायला नको.

यंदा मी काडी ओढणार, तेवढ्यात वर राहिलेल्या सागाच्या वाळक्या पानावर एक कोळी दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा. पण रंग काय! अंग मोरपिशी निळं, त्यावर शेंदरी पट्टे. हा जाळं विणणारा नव्हे, उड्या मारणारा. समोर त्याची मादी, जरा फिकी, ढिम्म बसलेली. आणि हा पुढचे दोन्ही पाय वर करून डावीकडे सरके, उजवीकडे सरके, ढुंगण उचलून थरथरवी.

"अवो, पेटवताय ना?" बायको बांधावरून ओरडली.

"थांब गो. इथं कोळ्याचं लगीन जमतंय."

शेजारच्या शेतात धाकटा भाऊ होता. तो हसला. "दादा, वारा सुटंल! कोळ्याच्या लग्नात जेवण नाय मिळत!"

"तू तुझा राब भाज."

पान उचलून बाजूला ठेवता आलं असतं, पण हलवलं की नाच मोडला. आणि मादीला नवरा पसंत पडला नाही तर ती त्याला खाते, हे मी कुंपणावर पाहिलेलं. तेव्हा मी काडीपेटी खिशात घातली आणि उकिडवा बसलो.

बायको चिडून आली, वाकली, आणि तिथंच राहिली.

"बघा, केवढा खटाटोप करतोय. तुमी मला बघायला आलात तवा नुसता चहा प्यायलात."

"दोन कप प्यायलो."

मादी एकदम पुढं झेपावली. बायकोनं माझं मनगट धरलं. नवरा टुणकन मागं उडाला. गेला, असं वाटलं. पण पठ्ठ्या परत आला, पाय वर, तोच नाच. भाऊ पुन्हा काही ओरडला, तर बायकोच त्याच्यावर खेकसली, "गप रे जरा!"

मग मादी हलली नाही. तो हळूहळू जवळ गेला, पायानं तिला शिवला आणि तिच्या पाठीवर चढला.

"पसंत केला वो तिनं त्याला!" बायको एवढ्यानं ओरडली की भाऊ धावत आला.

तोवर वारा सुटला होता. राब दुसऱ्या दिवशी भाजला. भाऊ अजून म्हणतो, एक दिवस फुकट गेला. मी म्हणतो, नाय गेला.