बोगद्यात अडकलेला मेल

दिवाळीच्या सुट्टीत मी वळसंगला घरी होते आणि सोलापूरच्या कॉलेजात प्रोजेक्टचा रिपोर्ट पाठवायचा शेवटचा दिवस नेमका तेव्हाच आला. मॅडमनी बजावलं होतं की रिपोर्ट कॉलेजच्या मेलवरूनच आणि पाचच्या आत आला पाहिजे, नाहीतर तोंडी परीक्षेला बसू देणार नाही. आमचा कॉलेजचा मेल घरून सहज उघडत नाही. त्यासाठी लॅपटॉपवर व्हीपीएन चालू करावं लागतं. कॉम्प्युटर लॅबमधल्या चाचांनी मला ते समजावलं होतं: "घरापासून कॉलेजपर्यंत खासगी बोगदा समज बेटा. त्यातून फक्त आपली माणसं जातात."

तीन वाजता मी रिपोर्ट पाठवला. साडेतीनलाही स्क्रीनवरचं चक्र फिरतच होतं.

मला कुणाला फोन करायचा म्हटलं की आधी मनातल्या मनात वाक्य दोनदा म्हणून बघावं लागतं. तसं म्हणून मी चाचांना फोन लावला. ते सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आपल्या घरी होते. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"व्हीपीएन जोडलंय?"

"हो."

"बंद करून परत चालू कर."

केलं. काही झालं नाही.

"रेंज किती है?"

"दोन काड्या."

"मग बोगदा अरुंद पडतो ना. उंचावर जा की."

फोन स्पीकरवर होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, दारात शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांनी पाला तिथंच ठेवला.

"किती रुंद हाय त्यो बोगदा?"

"अण्णा, खरा बोगदा नाही तो."

"खरा नसंल, पन रुंदी असंलच की."

मग त्यांनी सगळं हातात घेतलं. ज्या फोनवरून लॅपटॉपला इंटरनेट येत होतं तो पाण्याच्या टाकीवर गेला, आणि फोनखाली आईची परात, कारण परातीत रेंज साठते असं त्यांचं म्हणणं. मी लॅपटॉप घेऊन टाकीच्या सावलीत बसले. आईला मिक्सर लावायला बंदी झाली. शेजारच्या काकूंना मोबाईल बघू नका असा निरोप गेला. त्या बिचाऱ्या दर दहा मिनिटांनी भिंतीवरून विचारायच्या, "आता बघू का गं?"

सव्वाचार वाजले. अण्णांच्या फोनवरून, स्पीकर लावून, मी परत चाचांना फोन केला.

"असं कर," ते म्हणाले, "रिपोर्ट बाजूला ठेव. मला एक छोटा मेल पाठव. नुसतं नमस्कार लिही."

मी नमस्कार लिहून पाठवला. तोही अडकला.

"एका नमस्काराला इतका वेळ? किती मोठा है तो, बघ जरा."

मी बघितलं. "अठरा एमबी."

पलीकडे कुकरची एक पूर्ण शिट्टी झाली.

"नमस्कारात क्या तो बी घातलंय तू?"

"फोटो आहे."

"कुणाचा?"

"माझा."

आता खरं काय ते सांगते. पहिल्या वर्षी आम्हाला शिकवलं होतं की मेलच्या खाली कायमची सही ठेवता येते, ती प्रत्येक मेलला आपोआप लागते. सही आली म्हणजे तो अर्ज झाला, आणि अर्जाला फोटो लागतोच, एवढं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. माझ्याकडे चांगला फोटो एकच होता. मी बारावी पास झाले तेव्हा अण्णांनी स्टँडवर आठ फुटी अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता, त्यासाठी काढलेला. फ्लेक्सच्या दुकानदाराने जसा दिला तसाच मी तो सहीत बसवला. कॉलेजात बसून पाठवताना मेल झटकन जायचा, त्यामुळे कधी काही जाणवलंच नाही.

"बेटा," हे सगळं ऐकून चाचा म्हणाले, "तू बोगद्यातून फ्लेक्स आडवा न्यायला लागलीस. काढ त्याला."

"काडू नगंस," अण्णा म्हणाले. "बिनफोटोचा अर्ज कोन घेतंय? तहसीलमदनं दोनदा माघारी आलोय मी."

चाचांना कॉम्प्युटर कळतो, पण अर्ज घेऊन रांगेत अण्णाच उभे राहिले होते. पाचला दहा कमी असताना मी सहीतला फोटो काढून टाकला आणि रिपोर्ट परत पाठवला. अण्णा परातीकडे बघत बसले.

या वेळी बटणावरून बोट उचलायच्या आत मेल गेला. पाच वाजायला दोन मिनिटं असताना मॅडमचं उत्तर आलं: मिळाला.

"फोटोचं काय म्हनल्या?"

"काही नाही."

"अजून बगितलं नसंल त्यांनी."

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "आता तरी बघू का?"

सुट्टी संपली तेव्हा अण्णांनी मला एका पाकिटात दोन पासपोर्ट फोटो दिले. मॅडमच्या केबिनबाहेर मी मनातल्या मनात दोनदा आत जाऊन आले, मग खरंच आत गेले. मॅडमनी पाकीट उघडलं. फोटो बघितला, मला बघितलं.

"अगं, ही तू होय? माझ्या स्क्रीनवर दोन वर्षं नुसता एक कान उघडतोय. तेवढ्यात कॉम्प्युटर अडकायचा."

मी माफी मागितली. त्या हसल्या, आणि माझ्या रिपोर्टची छापील प्रत काढून त्यांनी एक फोटो टाचणीनं त्यावर लावला. तोंडी परीक्षेच्या यादीत माझं नाव होतं.

संध्याकाळी मी घरी फोन करून सगळं सांगितलं, कान सोडून.

"टाचनी कुटं मारली?" अण्णांनी विचारलं. "उजव्या कोपऱ्यात?"

"हो."

"मग झालं की."