त्याचे मथळे माझ्या हातात होते

नव्वदच्या दशकात मी दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकाच्या स्पोर्ट्स डेस्कवर सब-एडिटर होतो. राहायला शारजात, कारण दुबईची भाडी परवडत नसत. युरोपात कडाक्याची थंडी पडली की तिकडचे मोठे फुटबॉल क्लब आठ-दहा दिवस सरावाला आमच्याकडे येत. एका जानेवारीत हॉलंडमधला एक मोठा क्लब आला, आणि नेमके त्याच वेळी आबा, म्हणजे माझे वडील, व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आलेले होते.

आबा कोल्हापूरचे. शाळेत पी.टी.चे सर होते, आणि तरुणपणी पेठेच्या संघातून फुटबॉल खेळलेले. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको आणि इतरांना सांगून पटत नाही. दोन पेठांची मॅच असली की सख्खे साडू एकमेकांशी बोलत नाहीत. त्या डच संघात डावीकडून खेळणारा एक विशीतला विंगर होता. केबलवर त्याच्या मॅचेस बघून आबा त्याच्या पायांवर फिदा झाले होते. "एकदा जवळनं बघू दे, हात मिळवू दे, मग परत गेलो तरी चालतंय," असं ते येताना विमानतळावरच म्हणाले होते.

मी ऑफिसचं कार्ड गळ्यात घालून त्यांना खेळाडूंच्या हॉटेलवर घेऊन गेलो. आबांनी दुबईसाठी खास शिवलेला राखाडी सफारी घातला होता. लॉबीत इतर पेपरांचे चार-पाच वार्ताहर होते. लिफ्ट उघडली, खेळाडू हसत-खिदळत बाहेर आले. तो डावा विंगर दिसताच आबा पुढे झाले आणि त्यांनी हात पुढे केला.

त्याने त्या हातात आपली किटबॅग ठेवली.

हॉटेलच्या हमालांचे कपडेही राखाडीच होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी धावत गेलो, म्हणालो, "एक्स्क्यूज मी, हे माझे वडील आहेत. कोच आहेत." त्याने माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं. सोबत्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि सगळे मोठ्यांदा हसले. मग मला इंग्रजीत म्हणाला, "कोच आहेत? मग दमदार असतील. नेऊ देत."

चूक सगळ्यांकडून होते. पण हे वाक्य म्हणजे चूक नव्हती.

तोवर आबा बॅग घेऊन चालूही लागले होते. त्यांना इंग्रजी वाचता येई, पण गोऱ्यांचं बोलणं कळत नसे. त्यांनी ती बॅग बसपर्यंत नेली, खाली ठेवली, रुमालाने तळवा पुसला आणि पुन्हा हात पुढे करून उभे राहिले. तो बाजूने बसमध्ये चढून गेला. काचेआडच्या वार्ताहरांपैकी एकाने मान फिरवली. बाकीचे बघत राहिले.

परतताना गाडीत आबा म्हणाले, "चालताना बघितलास का? डावं पाऊल कसं हलकं टाकतंय. जल्माचं हाय ते, शिकवून येत न्हाई."

त्या दिवशी मी ठरवलं, याला मी सोडणार नाही.

आता डेस्कवरचा एक सब-एडिटर युरोपातल्या खेळाडूचं काय वाकडं करणार, असं कुणालाही वाटेल. पण पान आम्ही लावायचो. एजन्सीकडून बातम्यांचा ढीग येई. त्यातलं काय घ्यायचं, किती घ्यायचं, मथळा काय द्यायचा, फोटो कुठला, हे आमच्या हातात होतं. त्याला अमिरातीत लाखो लोक ओळखणार होते, आणि ते कसे ओळखणार हे थोडंफार मी ठरवणार होतो.

पुढच्या उन्हाळ्यात तो इटलीतल्या एका बलाढ्य क्लबात गेला. सही करतानाचा हसरा फोटो सगळ्या पेपरांत मोठा होता. आमच्याकडे पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याने गोल केला की मी मथळ्यात क्लबचं नाव देई, त्याचं नाही. त्याची पेनल्टी हुकली की त्याचं नाव सगळ्यात मोठ्या टायपात. डोक्याला हात लावून गवतावर बसलेला त्याचा एक फोटो मी राखून ठेवला होता आणि दर काही महिन्यांनी काही ना काही निमित्ताने तो छापत होतो. इटलीतला कोच कडक होता. विंगरनेही मागे येऊन बचाव करावा, असा त्याचा हट्ट. याला ते जमेना, मग बेंचवर बसवला. ते बेंचवरचं बसणं मी आमच्या वाचकांना इतकं दाखवलं की खेळणाऱ्यांपेक्षा बसलेलाच जास्त दिसू लागला.

मग तो स्पेनला गेला आणि तिथे त्याने मला हरवलं. त्या क्लबात त्याला मोकळं सोडलं होतं. डाव्या रेषेवरून तो असा निघे की समोरचा बॅक नुसता वळून बघत राही. क्लबने लीग जिंकली. शेवटच्या मॅचमधले दोन्ही गोल त्याचे. त्या रात्रीच्या पानावर मी मथळा दिला तो हरलेल्या गोलकीपरच्या अश्रूंबद्दल. आमचे स्पोर्ट्स एडिटर कराचीचे, शांत गृहस्थ. त्यांनी प्रूफ हातात धरून विचारलं, "यार, इस लड़के से तुम्हारी क्या दुश्मनी है?"

"कोई दुश्मनी नहीं, सर."

त्यांनी मथळा खोडून स्वतः लिहिला. त्यात त्याचं नाव होतं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

दर शुक्रवारी मी कोल्हापूरला फोन करी. आबा त्याच्याविषयीच बोलत. "परवाचा क्रॉस बघितलास? बॉल काय वळला रं!" मी "हो" म्हणून आईच्या तब्येतीकडे वळायचो. हॉटेलातला विषय ना त्यांनी कधी काढला, ना मी.

स्पेनहून तो इंग्लंडला गेला. तिथे पहिल्याच हिवाळ्यात एका बॅकने त्याला उडवलं आणि त्याच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. बातमी आली तेव्हा मी डेस्कवर होतो. फोटोत तो स्ट्रेचरवर होता, तोंडावर हात. घरी जाताना मी शारजातल्या रोला भागात गाडी थांबवली आणि गरम जिलबी घेतली. बायकोने विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हणालो, "काही नाही, दिसली म्हणून घेतली." चवीने खाल्ली. त्याच शुक्रवारी फोनवर आबा म्हणाले, "त्याचा गुडघा गेला रं. घास गोड लागंना झालाय."

त्यानंतर तो पूर्वीसारखा खेळला नाही. दोन ऑपरेशनं झाली, एका छोट्या क्लबाला उसना दिला गेला. मला वाटलं, संपलं. आणि नवं शतक लागल्यावर, एका ऑगस्टमध्ये, आमच्याच अमिरातीतल्या एका क्लबाने त्याला दोन वर्षांसाठी घेतला. युरोपात उतरती कळा लागलेले खेळाडू तेव्हा आखातात येऊ लागले होते.

तोवर मी डेप्युटी स्पोर्ट्स एडिटर झालो होतो. पत्रकार परिषदेला मी मुद्दाम स्वतः गेलो. केस मागे सरलेले, चेहरा रापलेला. प्रत्येकाचं नाव विचारून त्याने हात मिळवला. माझाही. त्याने मला ओळखलं नाही, आणि ओळखावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

त्या हिवाळ्यात आबा पुन्हा आले. आई गेल्यावर ते कोल्हापुरात एकटेच होते. मला टाळता येईना, म्हणून एका संध्याकाळी त्यांना आणि माझ्या मुलीला मॅचला नेलं. मुलगी इथेच वाढलेली. ती म्हणाली, "बट आजोबा, ही इज सो स्लो."

"स्लो न्हाई बाळा," आबा म्हणाले. "उजव्या पायावर भार द्यायला भितोय."

त्यानंतर काही दिवसांनी त्याचाच मला फोन आला. मुलाखत द्यायची होती. शारजाच्या कॉर्निशवर, पाण्याकाठच्या एका कॅफेत आम्ही बसलो. त्याने स्वतः माझ्या कपात चहा ओतला आणि मोकळेपणाने सांगितलं. तो लहानपणी ज्या गावच्या क्लबात खेळायला लागला, तो क्लब त्याला शेवटच्या मोसमासाठी परत घ्यायला तयार होता, आणि पुढे तिथेच कोचची नोकरी. फक्त गुडघ्याची त्यांना शंका होती. आमचा पेपर आता इंटरनेटवर दिसे. तिकडचे लोक वाचत होते.

"माझी आई मैदानासमोरच राहते," तो म्हणाला. "इटलीत, स्पेनमध्ये ती कधी आली नाही. विमानाला घाबरते. तिच्या खिडकीतून मी दिसावा, एवढंच आहे. लोकांना कळू दे की मी अजून खेळतो."

"सकाळी सरावाआधी गुडघा कसा असतो?" मी विचारलं.

तो हसला. "गोळी घेतली की ऐकतो. नंतर बर्फ." मित्राला सांगावं तसं सांगितलं त्याने. हे छापू नका, असं म्हणाला नाही. त्याला ते सुचलंच नाही. निघताना कॅफेच्या तीन-चार पायऱ्या उतरताना त्याने कठडा धरला. मी मागे उभा राहून ते नीट पाहून घेतलं.

मी एक अक्षरही खोटं लिहिलं नाही. त्याच्या आईची खिडकी लिहिली, गोळी लिहिली, बर्फ लिहिला, कठडा लिहिला. लेख फार चांगला झाला. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही. मथळाही मीच दिला: पायऱ्या उतरणारा विंगर.

सकाळी आबा चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पेपरची घडी घातली.

"हे त्याच्या गावात वाचतील?"

"वाचतील."

"मग त्याला घेतील का?"

"ते त्यांचं त्यांनी बघावं. मी खोटं लिहिलेलं नाही."

आबांनी चष्मा काढून घडीवर ठेवला. मग म्हणाले, "त्या हाटेलातलं अजून डोक्यात धरून बसलायस व्हय?"

त्यांना आठवत होतं तर. मी म्हणालो, "त्याने तुमचा अपमान केला होता, आबा."

"माझा? मला त्या दिवशी बॅग उचलायला लागली, एवढंच झालं. शाळेत मी जल्मभर पोरांच्या जाळ्या आणि बॉल उचलले. अपमान तुझा झाला हुता. तुझ्या पेपरवाल्यांसमोर तुझा बाप हमाल दिसला. त्याचा राग तू माझ्या नावावर खपवू नकोस."

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली. आबा म्हणाले ते खरं असेल. मी ते तेव्हा नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. पण राग कुणाच्या नावावर होता याने राग कमी होत नाही. परतीच्या दिवसापर्यंत आबा माझ्याशी हवापाण्यापुरतंच बोलले.

त्याच्या गावच्या क्लबाने नाही म्हटलं. इथल्या क्लबानेही मोसम संपल्यावर ‘खलास’ म्हणून करार मध्येच संपवला. उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी तो आमच्या ऑफिसात आला. रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला तेव्हा डेस्कवरची सगळी पोरं सह्या घ्यायला धावली. त्याने सगळ्यांना सह्या दिल्या, मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. ओरडला नाही. त्याने ओरडावं अशी माझी फार इच्छा होती.

"त्यात खोटं काही नव्हतं," तो म्हणाला. "मी आईलाही तेच सांगितलं."

"मग?"

"पण तुम्ही ज्या पद्धतीने लिहिलंत ना, ते वाचताना मला वाटलं, हा माणूस मला फार दिवसांपासून ओळखतो." तो थोडा पुढे झुकला. "मी तुमचं कधी काही केलंय का? केलं असेल तर सांगा. मला खरंच जाणून घ्यायचंय."

आबांचे शब्द तेव्हा ताजे होते. सांगायला एक मिनिट लागलं असतं. हॉटेल, लिफ्ट, राखाडी सफारी. कदाचित त्याने माफी मागितली असती. कदाचित मनापासून मागितली असती, आणि मग मला ती घ्यावी लागली असती. माझ्याजवळ जे इतकी वर्षं होतं ते त्याने दोन शब्दांत माझ्याकडून काढून नेलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही. माझं काम आहे ते."

त्याने माझा चेहरा वाचला. मग मान हलवून उठला. उठताना त्याने टेबलाचा आधार घेतला.

पुढे आबा कोल्हापुरात वारले. शेवटपर्यंत आमच्यात त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. आणि त्यानंतर केव्हातरी एजन्सीवर चार ओळींची बातमी आली: हॉलंडच्या उत्तरेकडच्या एका छोट्या गावात त्याने मुलांसाठी फुटबॉलची शाळा काढली होती, आणि त्याची आई उद्घाटनाला होती. त्या दिवशी पानावर जागा भरपूर होती. मी बातमी दोनदा वाचली आणि तिच्या जागी गोल्फचे निकाल लावले.