सुकेळी न वाळणारं शहर

विमान नैरोबीवर उतरू लागलं तेव्हा खाली ढगच ढग होते, आणि मी मांडीवरची सुकेळ्यांची पुडी घट्ट धरून बसले होते. समुद्राकाठच्या नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीतली राजेळी केळी, सोलून उन्हात वाळवलेली. लेक केतकी इथे नोकरीला. कंपनीने तिला विचारलं होतं, नैरोबीत राहतेस की मोंबासाला जातेस? जिथे राहील तिथेच घर घेणार, म्हणजे कायमचंच. "आई, दोन्ही बघ आणि तूच सांग," म्हणाली. मी काय, लगेच पदर खोचला!

नैरोबी उंचावर वसलेलं. तांबडी माती, निलगिरीची झाडं, आणि विषुववृत्त शेजारी असूनही स्वेटर घालावा असा गारवा. काचेच्या इमारतींखालून माणसं भराभर चालतात, रंगवलेल्या मटाटू (खासगी बसगाड्या) गाणी वाजवत धावतात. सगळं छान, पण समुद्र कुठाय? मला चैन पडेना.

पुडी केव्हाच संपली होती. बाजारात जाडजूड, पिवळसर केळी दिसली आणि माझे हात शिवशिवले. "मातोके, मातोके," विकणारी बाई म्हणाली आणि हवेतच पातेलं ढवळून दाखवू लागली. ही शिजवायची केळी, असं तिला सांगायचं होतं. नंदाखालच्या बाईला केळी शिकवतेय! मी हसून घेतली, सोलली, गॅलरीत वाळत घातली आणि शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून आम्ही मोंबासाची गाडी धरली.

मोंबासाला उतरले आणि खारा वारा अंगावर आला. माड, होड्या, पोर्तुगीजांचा किल्ला, नक्षीची दारं, बांग. बोटींवरचा माल इथल्या धक्क्यावर उतरतो, त्याचा भाव मात्र नैरोबीच्या काचांआड ठरतो. इथे घाई कुणालाच नाही. "पोले पोले (सावकाश, सावकाश)," रिक्षावाला मलाच समजावत होता. उतरलो त्या घरची मालकीण खवणीवर बसून नारळ खवत होती. "कारिबू (या)," म्हणत तिने उठून जागा दिली. मी बसले, खोबरं ताटलीत पडू लागलं, आणि खरंच सांगते, क्षणभर मी कुठल्या देशात आहे तेच कळेना.

संध्याकाळी किल्ल्यापाशी म्हटलं, "केतके, इथेच घर घे. हे आपलंच गाव आहे गं!"



नैरोबीला परतलो तर केळी काळी पडून आंबलेली. उन्हाला जोर नाही, आणि केळीही ती नव्हेत. फजितीच झाली! मी फेकायला निघाले, तर केतकीने त्यातलं एक उचलून तोंडात टाकलं. चावता चावता तिचे डोळे भरले.

"आई, मी इथेच राहते."

"अगं, इथे आपलं काय आहे?"

"काहीच नाही, म्हणूनच. मोंबासात रोज सकाळी दार उघडलं की वाडी दिसेल, आणि तू दिसणार नाहीस. मला नाही जमणार ते."

रागच आला आधी. मग तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो.

आता परत आलेय. यंदाची सुकेळी छान वाळताहेत, इथल्या उन्हाला काय कमी! पोरीने आपल्यापुरती वाट काढली, बरंच केलं. मी मात्र नंदाखालातच राहते. रोज सकाळी दार उघडते. वाडी दिसते, ती दिसत नाही.