भवानीचं गिऱ्हाईक आणि एक्कावन्न टक्के

आमच्या घरात किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. जाळ्यात नको ते येतं तसे ते येतात. आपण जातो बोंबलाला आणि वर येते कोणाची तरी चप्पल! टाकून द्यायची म्हटलं तरी हसू येतं, म्हणून राहते.

मी हितेश. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात राहतो. नववीनंतर शाळा सोडली. आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकते, मी तिच्या शेजारी बसून बर्फ टाकतो आणि स्कूटरवरून सोसायट्यांमध्ये माल पोचवतो. बोलायचं काम आईचं. मला ते जमत नाही. पण न बोलणाऱ्या माणसाकडे किस्से जास्त साचतात, कारण तो मधेच तोंड घालून ते मोडत नाही.

हे सगळे किस्से माझ्या धाकट्या बहिणीच्या, प्रणालीच्या कॉलेजचे. बारावी सायन्सला तिला एक्कावन्न टक्के पडले. आता तिला कुठलं कॉलेज घेतं, की तीही आमच्याबरोबर पाटावर येऊन बसते, एवढाच प्रश्न होता. पण तो घरात सगळ्यांच्या घशात अडकला होता.

*

रिझल्ट लागला तेव्हा बाबा ओट्यावर जाळं शिवत बसले होते. प्रणाली मोबाईल हातात धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "एक्कावन्न."

बाबांनी मान वर केली. "शंभरातले?"

"हो."

"मग निम्म्याच्या वर आहेत की! निम्मं जाळं भरून आलं तर मी देवाला नारळ देतो."

बाबा खरंच नारळ आणायला गेले. अडचण आईची होती. आई दोन वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला मासा कापता कापता सांगत होती, "माझी पोर डॉक्टर होणार." कोलंबी सोलणाऱ्या बायकांपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एक आजोबा तर आपल्या गुडघ्याचं दुखणं प्रणालीसाठी राखून ठेवून होते! डॉक्टरकीच्या परीक्षेत तिला किती मार्क पडले, तो आकडा घरात कोणी मोठ्याने उच्चारलाच नाही.

आई संध्याकाळी घरी आली, एक्कावन्न ऐकलं, कोयता धुतला, पुसला आणि म्हणाली, "नाय. हे कोणाचं तरी दुसऱ्याचं असेल. नीट बघ."

*

दुसऱ्या दिवसापासून बाजारात सल्ले सुरू झाले. आमचं गिऱ्हाईक टॉवरमधलं, शिकलेलं. आई सुरमई तोलायची आणि विचारायची, "ताई, एक्कावन्नला काय मिळेल?"

एक ताई म्हणाल्या, इंजिनीअरिंग. दुसऱ्या म्हणाल्या, इंजिनीअरिंग सोडून काहीही! एक काका म्हणाले, "परदेशात पाठवा. माझा भाचा तिकडे डॉक्टर होतोय. समुद्रापलीकडे."

आई घरी येऊन बाबांना म्हणाली, "समुद्रापलीकडे कमी मार्कांत डॉक्टर करतात."

बाबा म्हणाले, "माझी बोट मढच्या पुढे गेली की तू मला फोनवर फोन करतेस. पोरीला पलीकडे पाठवून तू जेवशील?"

विषय तिथेच बुडाला.

*

मग कांदिवलीहून मामा आले. मामांचा मुलगा इंजिनीअर, त्यामुळे शिक्षणावर शेवटचा शब्द त्यांचा. चहा पिता पिता त्यांनी सिद्धांत मांडला, "ताई, समुद्रापासून जितकं लांब जाशील, तितका कटऑफ खाली येतो. अंधेरीला नाय मिळालं तर घाटकोपर. घाटकोपरला नाय तर मुलुंड. लांब जायची तयारी ठेव."

बाबांनी थोडा विचार केला. "मग नागपूरला पस्तीसवर डॉक्टर करत असतील."

मामा चहा अर्धा ठेवून निघाले. पण आईने सिद्धांत उचलला होता. अंधेरीपासून सुरुवात करायची ठरलं.

*

आता भवानीचं सांगतो. दिवसाची पहिली विक्री ती भवानी. भवानीचं गिऱ्हाईक आम्ही परत पाठवत नाही. त्याने कितीही कमी भाव मागितला तरी थोडं वर-खाली करून माल द्यायचाच. परत पाठवलं की दिवस गेला समजायचं. आई याबाबतीत देवाचंसुद्धा ऐकणार नाही.

तर पहिल्या कॉलेजला जायच्या दिवशी आईने आम्हाला उजाडायच्या आत उठवलं. आम्ही पोचलो तेव्हा गेट बंद आणि वॉचमन दात घासत होता. प्रणाली ओढणीत तोंड लपवून माझ्यामागे उभी. "दादा, आईला सांग ना, इथे असं नसतं." मी सांगणार! मी गिऱ्हाइकाला सुट्टे नाहीत हेसुद्धा खुणेने सांगतो.

खिडकी उघडली आणि आत एक मॅडम दिसल्या. चष्मा, जाड वेणी, टेबलावर 'सावंत' अशी पाटी. आई पुढे झाली. "मॅडम, मी पहिली हाय. भवानी हाय तुमची. परत पाठवू नका."

सावंत मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, सायन्सचा कटऑफ सदुसष्ट आहे. हिचे किती?"

"एक्कावन्न. बरं, तुमचं नको, माझं नको. साठ करा."

"अहो, पण हिचे एक्कावन्नच आहेत!"

"म्हणून तर सांगते. मी नऊ चढवते, तुम्ही सात उतरवा!"

मागे रांगेत उभी असलेली मुलं खो खो हसली. मॅडम हसल्या नाहीत. पण त्यांनी चष्मा काढून दोनदा पुसला. म्हणाल्या, "मावशी, भवानी कळते मला. पण हा भाव मी ठरवत नाही. पुढच्या याद्या बघत राहा."

रांगेतून बाहेर आल्यावर आई धुसफुसली, "भवानी परत पाठवली. आता बघ त्यांचा दिवस कसा जातो." तिसऱ्या मिनिटाला त्यांचा सर्व्हर बंद पडला! हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आईने मागे वळूनही पाहिलं नाही.

*

मामांच्या सिद्धांताप्रमाणे पुढचं घाटकोपर. कोणाकडे पहिल्यांदा जाताना हात हलवत जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आईने ताजी पापलेटं बर्फात घालून डबा माझ्या हातात दिला. मी नको म्हणालो असेन, पण मनात.

ते ऑफिस एसीचं आणि पूर्ण शाकाहारी. कँटीनवर तशी पाटीच होती. आम्ही बाकावर बसलो. डब्यातला बर्फ वितळून थेंब थेंब लादीवर पडायला लागला. मी पाय पुढे ठेवून डबकं झाकलं. थोड्या वेळाने समोरचे सर हुंगायला लागले. मग बाजूच्या बाई. मग शिपायाला हाक गेली, "अरे, उंदीर मेलाय बहुतेक! कपाटामागे बघ!"

दोघा-तिघांनी कपाट सरकवलं. टेबल हलवलं. प्रणालीने माझा हात घट्ट धरला. अजून दहा मिनिटं सगळे गप्प बसलो असतो तर आमचा नंबर लागला असता. पण शिपाई म्हणाला, "कुजलाय पूर्ण!"

आई ताडकन उठली. "कुजलाय? पहाटे धरलेलं पापलेट हाय ते! कल्ले बघा, लाल हायत की नाय!"

आणि तिने झाकण उघडून दाखवलं.

मुलुंडला आम्ही त्या दिवशी गेलोच नाही.

*

परतताना आई रिक्षाने पुढे गेली आणि प्रणाली माझ्या स्कूटरवर मागे बसली. डबा आमच्या मधे. जुहूपर्यंत ती डब्याचं झाकण दाबून बसली. मग म्हणाली, "दादा, मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं रे. सायन्स पण आईसाठी घेतलं."

मी विचारलं, "मग काय व्हायचंय?"

"सायकॉलॉजी शिकायचीय. बी.ए.ला. पण आईला बी.ए. म्हटलं तर ती जेवणार नाही." थोडं थांबून तिने विचारलं, "तुला कोणी विचारलं होतं, तुला काय व्हायचंय ते?"

मी सिग्नलकडे बघत म्हणालो, "आज आईला तू सांगतेस की मी सांगू?"

मी असं बोललो याचं तिला एवढं आश्चर्य वाटलं की तिने घरी जाऊन स्वतःच सांगून टाकलं.

*

ते सांगणं असं झालं.

प्रणाली म्हणाली, "मला बी.ए. करायचंय. सायकॉलॉजी."

आईने ताट सरकवलं. "बी.ए.? दोन वर्षं बाजारात माझं तोंड चाललंय, त्याचं काय करू?"

"आई, माणसाच्या मनाचा अभ्यास असतो तो. पुढे खूप शिकलं की मनाचं दुखणं असलेल्यांना मदत करता येते."

बाबा कोपऱ्यात जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणजे मनाची डॉक्टर."

आईने ताट परत पुढे ओढलं. "मग हे आधी सांगायचं ना! दोन वर्षं मी लोकांना अर्धंच सांगत होते!"

*

दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं, पोर मनाची डॉक्टर होणार. त्याचा परिणाम असा की लोक आमच्या पाटासमोर मन मोकळं करायला लागले. टॉवरमधल्या एक काकू कोलंबी घ्यायला आल्या आणि सुनेशी झालेलं भांडण सांगायला लागल्या. बर्फ वितळला, मी दुसरा टाकला, तोही वितळला. शेवटी आई म्हणाली, "काकी, कोलंबी राहू द्या. आज काटेरी मासा न्या. काटे काढताना कोणी तोंड उघडत नाय."

आठवड्याने काकू परत आल्या. "अजून दे गं दोन. फरक पडतोय!"

घरी प्रणाली वैतागली. "आई, मला अजून ॲडमिशन मिळालेली नाहीये!"

"म्हणून तर तोपर्यंत मी सांभाळतेय!"

*

पण ॲडमिशन खरंच मिळत नव्हती. पहिली यादी, दुसरी यादी, तिसरी यादी. प्रत्येक वेळी नाव नाही. मुलुंडलाही नाही. तिथे सायकॉलॉजी नव्हतीच. प्रणालीने एका पहाटे न सांगता माझ्याबरोबर बाजारात यायला सुरुवात केली. पाटावर बसली, बोंबील लावायला लागली. आई तिच्या हातांकडे बघत राहिली, आणि त्या दिवशी तिने दोन गिऱ्हाइकांना भाव चुकीचा सांगितला. आमची आई भाव चुकत नाही.

दुपारी आई एकदम म्हणाली, "आपलंच चुकलं. आपण सकाळी गेलो. सकाळी माल भरलेला असतो, सगळे ताठ असतात. संध्याकाळी जायला पाहिजे. उरलेला माल घेऊन कोणी घरी जातं का?"

उरलेल्या जागा भरायचा तो शेवटचा दिवस होता. आम्ही परत अंधेरीच्या त्याच खिडकीसमोर. सावंत मॅडमनी ओळखलं. "मावशी, आज भवानी नाही?"

"नाय. आज उठता बाजार."

मॅडमनी कॉम्प्युटर पाहिला. "बी.ए.ला एक जागा आहे. पण यादीत हिच्या वर एक मुलगी आहे. ती पाच वाजेपर्यंत आली नाही, तर हिची."

आम्ही बाकावर बसलो. आई गेटकडे अशी बघत होती की कोणाची आत यायची हिंमत झाली नसती. पाचला थोडं कमी असताना एक मुलगी पाठीवर बॅग घेऊन धावत आली. प्रणालीने डोळे मिटले. मुलगी खिडकीशी थांबली, धापा टाकत म्हणाली, "मॅडम, वॉशरूम कुठेय?"

आईने उठून स्वतः तिला दाखवलं.

पाच वाजले. मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा गेटकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "ये गो बाय. सर्टिफिकेटं काढ."

आई रडली नाही. नाक पुसलं आणि मला म्हणाली, "कोळीवाड्यात गेल्यावर मला आधी बोलू दे." जणू मी बोलणार होतो!

*

प्रणालीच्या पहिल्या लेक्चरच्या दिवशीचं सांगतो आणि थांबतो.

पावसाळ्याची बंदी संपून मोठ्या बोटी नुकत्याच समुद्रात परत गेल्या होत्या. आईने पाटावर या मोसमातली पहिली मोठी सुरमई मांडली होती, लांब, चकचकीत. तिच्याकडे बघून आई नुसतं हसत होती. प्रणाली नवा कुर्ता घालून आईच्या पाया पडायला आली होती आणि वास लागू नये म्हणून हातभर लांब उभी होती.

अजून एकही गिऱ्हाईक झालं नव्हतं. एक बाई आल्या. कल्ला उचलून पाहिला, पोटावर बोट दाबलं. जाणकार हात. आईने भाव सांगितला.

बाई म्हणाल्या, "अर्ध्यात दे."

आईचा पदर कमरेला खोचला गेला. "अर्ध्यात? बाई, डोळे हायत ना ठिकाणावर? ही सुरमई हाय, सुकट नाय! अर्ध्यात शेपूट पण..."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. प्रणाली कुजबुजली, "आई, सावंत मॅडम."

आई थांबली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी पहिलीच ना गो? भवानी हा. परत पाठवशील?"

आईने सुरमईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी बर्फाकडे पाहिलं.

"बरं, तुझा नको, माझा नको," मॅडम म्हणाल्या. "मी जरा चढवते, तू बराच उतरव."

आईने कोयता उचलला.

"तुकड्या करू, की डोकं वेगळं ठेवू?"