बय्यूमीची गाडी स्लोला बंद पडते

कैरोजवळच्या झगाझिगमध्ये, गॅरेजांच्या गल्लीत, गाडीचं वायरिंग बिघडलं की माणसं आधी देवाचं नाव घेतात आणि मग वायरिंगवाल्या उस्ता बय्यूमीचं. देव कधी ऐकेल ते सांगता येत नाही. बय्यूमी हातातला चहा संपला की ऐकतो.

बय्यूमी हा दमलेला माणूस. त्या दिवशीच दमलेला होता अशातला भाग नाही. दमणं हा त्याचा जोडधंदाच होता. सकाळी शटर वर ढकलताना तो असा काही सुस्कारा सोडायचा, की समोरचा तामियावाला काही न विचारता पावात डाळवड्यासारख्या दोन गरम तामिया जास्तीच्या कोंबायचा. दुकानात बसायला एका भंगारातल्या टॅक्सीची मागची सीट होती. तिच्यात बसणं सोपं, उठणं कठीण. म्हणून गिऱ्हाईक आलं की बय्यूमी बसल्या बसल्याच अर्धा रोग ओळखायचा. त्यात हुशारीपेक्षा गुडघ्यांचा वाटा मोठा होता.

आणि या माणसाची स्वतःची गाडी स्लोला बंद पडत होती.

गाडी कोरियन, गेल्या शतकातली. मूळचा रंग हिरवा. आताचा रंग बघणाऱ्याच्या स्वभावावर. रस्त्यावर ती मजेत पळायची, पण सिग्नलला पाय उचलला की अंग झटकायची, दोनदा खोकायची आणि गप्प व्हायची. एंजिन स्लोला असताना त्याला घोट घोट हवा देणारा एक लहानसा व्हॉल्व असतो, संशय त्याच्यावर होता. बय्यूमीने तो पेट्रोलने धुतला. मग भंगारातून दुसरा आणून लावला. तरी गाडी खोकायचीच. शेवटी त्याने स्क्रू पिळून स्लोच वाढवून ठेवला. हेच दुसऱ्या कुणी केलेलं दिसलं तर तो त्याच्या बापापर्यंत जाऊन बोलायचा. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा तो सिग्नलला एका पायाने ब्रेक आणि रेस दोन्ही सांभाळत उभा राहू लागला. चपलेची टाच इकडे, अंगठा तिकडे. वायरिंग तपासायचं राहिलं होतं, कारण दिवसभर लोकांच्या वायरी हुंगल्यावर स्वतःचं बॉनेट उघडणं त्याच्या जिवावर यायचं.

असंच चाललंही असतं, पण धाकट्या इनासचं लग्न ठरलं.

नवऱ्या मुलाचे काका हाजी रिफअत म्हणजे फरशांचे व्यापारी. बोलायला लागले की समोरच्याला आपण स्वस्तातली फरशी आहोत असं वाटायला लागायचं. ते सांगायला आले की पार्लरमधून हॉलपर्यंत नवरीला आणायला त्यांनी पांढरी लांब गाडी भाड्याने घेतली आहे. आत एसी, वर फुलं.

"मी बाबांच्या गाडीतून जाणार," इनास चहाचा ट्रे ठेवत म्हणाली.

"मुली, वरात मुंगीच्या चालीने चालते," हाजी म्हणाले. "आणि तुझ्या बाबांची गाडी मुंगीच्या चालीनेच मरते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. नवरीने काय, धक्का मारायचा?"

इनास नुसती बापाकडे बघत राहिली. बय्यूमीला ते बघणं सोसेना. लहानपणापासून ती त्याच्या शेजारच्या सीटवर बसून गावभर फिरली होती. आता एकदाच मागच्या सीटवर बसायचं म्हणत होती.

"गाडी उभी राहील," तो म्हणाला.

"ठीक आहे. गुरुवारी, लग्नाच्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी अस्रच्या अजानला मी येतो," हाजी हसले. "माझ्यासमोर स्लोला उभी राहिली, तर तुमची गाडी. नाहीतर माझी. आणि मग रुसवेफुगवे नकोत, उस्ता."

गुरुवारी दुपारी घरात मटण आणि बायका एकदमच शिजत होत्या. बय्यूमीने अंगणात बॉनेट उघडलं. आमच्याकडे उघडलेलं बॉनेट म्हणजे आमंत्रणच. बघता बघता गल्ली जमली. एक म्हणाला पंप, दुसरा म्हणाला नजर लागली. बय्यूमीचा मेहुणा लुत्फी तर खुर्ची घेऊनच आला. लुत्फी शिंपी. सूट असा शिवायचा की आतला माणूस लबाड असला तरी बाहेरून वकील दिसावा. त्याचं एकच मत होतं.

"प्लग! उस्ता, प्लग बदल."

"प्लग नाहीयेत, लुत्फी."

"तू सुरवातीपासून हट्टी. माझ्या बहिणीला लग्नाआधीच सांगितलं होतं मी."

"मग तिने ऐकलं का नाही?"

"तीही हट्टी!"

बय्यूमीने व्हॉल्वचा कनेक्टर काढला, चावी फिरवून मीटर लावला. करंट बरोबर बारा व्होल्ट. म्हणजे वायर चांगली. दुसरा कुणी इथेच थांबला असता. एरवी तोही थांबलाच असता. पण आज पोरीचं ते बघणं मानगुटीवर बसलं होतं. मीटरला करंट आहे की नाही एवढंच कळतं; त्याच्यात जोर किती, ते कळत नाही. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर खुशाल बारा दाखवतो. त्याने वायरीला टेस्ट लॅम्प जोडला. दिवा लागला, पण रमजानच्या पहाटे उठवलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखा. अर्धवट आणि नाखूश.

"वायर खाल्लीय कुठेतरी," बय्यूमी पुटपुटला.

"उंदीर असेल," लुत्फी म्हणाला आणि नुसतं बसवेना म्हणून गाडीत हात घालून त्याने हॉर्नचं बटण दाबलं. हा गाडीचा नेहमीचा हॉर्न नव्हे. लुत्फीने ईदला गाडी उसनी नेली होती, ती परत देताना आत पाच सुरांचा वरातीचा हॉर्न बसवलेला होता. 'कैरोच्या मोठ्या कारागिराकडून बसवून घेतलाय, भाचीचं लग्न ठरेल तेव्हासाठी मामाची भेट.' अंगण दणाणलं. आतून बायकांनी लगेच जिभा वळवून ललकाऱ्या दिल्या.

आणि टेस्ट लॅम्प विझला.

"पुन्हा दाब," बय्यूमी म्हणाला.

लुत्फी खूश होऊन दाबत राहिला. हॉर्न वाजला की दिवा जायचा, थांबला की मिणमिणायचा. बय्यूमी दिव्याकडे बघत राहिला. मग त्याने बॅटरीमागे हात घातला आणि व्हॉल्वच्या वायरीवरून बोटं फिरवत गेला, तर एके ठिकाणी बोटाला मऊ काहीतरी लागलं. त्याने वाकून पाहिलं.

वायर सोलून तिच्यात हॉर्नची जाडी वायर गुंफली होती. सोल्डर नाही, टेप नाही. वर सुटाच्या अस्तराचा निळा रेशमी तुकडा गुंडाळला होता आणि बारीक, सरळ, देखण्या टाक्यांनी तो शिवून टाकला होता. शेवटची गाठ अशी, की दाताशिवाय सुटू नये. आत गुंफलेल्या तारा एंजिनाच्या थरथरीने एकेक करून तुटल्या होत्या; उरलेल्या दोन-तीन धाग्यांवर हॉर्न आणि व्हॉल्व दोघांचा संसार चालला होता.

अख्ख्या झगाझिगमध्ये असा टाका घालणारा माणूस एकच. तो खुर्चीत बसून हाजी रिफअतना सांगत होता, "या हाजी, या! बघा कसा अडकलाय. मी म्हणतोय प्लग, पण आमच्या घरात शिंप्याचं कोण ऐकतो?"

कारण हाजी वेळेआधीच आले होते, इस्त्रीच्या कपड्यांत, अत्तरासकट.

"काय उस्ता, सापडला रोग?"

बय्यूमीच्या मुठीत ते रेशमी बोंडकं होतं. मूठ उघडली असती तर एका क्षणात सगळं अंगण लुत्फीवर हसलं असतं, आणि पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात हसत राहिलं असतं. बय्यूमीला मोह झाला नाही असं नाही. पण भांडायला जी ताकद लागते ती त्याच्यात उरली नव्हती. शिवाय टाके खरोखरच सुंदर होते. पठ्ठ्याने जीव लावून शिवले होते.

"जुनी वायर," तो म्हणाला. "कुजली होती." आणि बोंडकं त्याने खिशात टाकलं.

खराब तुकडा कापून त्याने नवा टाकला, सोल्डर केला, वर नळी चढवली. हॉर्नची वायर सोडवून बाजूला गुंडाळून ठेवली. पिळून वाढवलेला स्क्रू मूळ जागी आणला. मग चावी मारली. एंजिन सुरू झालं, थोडं चढलं, आणि मग जेवणानंतर आजोबा कोचात बसावेत तसं खाली येऊन स्थिर झालं. हाजींनी स्वतःचा चहाचा भरलेला ग्लास एंजिनावर ठेवला. गल्लीने श्वास रोखला. चहावर नुसती बारीक वर्तुळं उठत राहिली. थेंब सांडला नाही. अजान झाली.

"घ्या," हाजी म्हणाले आणि ग्लास उचलून एका घोटात संपवला. जरा जास्तच गरम होता.

"उस्ता, हॉर्न का वाजत नाही?" लुत्फी बटण दाबत ओरडला.

"नवरीकडचा आहे ना. घसा दाटलाय त्याचा."

संध्याकाळी पार्लरच्या दारातून इनास बाहेर आली आणि मागच्या सीटवर मावेना. पोशाख आत घेता घेता दोघी मावश्या घामाघूम झाल्या. पुढे ढोलताशे, मागे हॉर्न वाजवत गाड्यांची रांग, त्यात पहिलीच हाजींची, नवरीविना आलेली पांढरी लांब गाडी. हॉलच्या दारात नवरा मुलगा वाट बघत उभा होता. बय्यूमी मुंगीच्या चालीने निघाला. मुवैस कालव्याच्या पुलावर वरात थांबली, पोरं नाचली, पुढे सरकली, पुन्हा थांबली. गाडी गुणगुणत उभी राहायची. त्याच्या पायाला काही कामच उरलं नव्हतं, आणि त्या रिकाम्या पायालाच सगळा थकवा आला.

आरशात इनास दिसत होती. काजळ जागच्या जागी राहावं म्हणून ती वर टपाकडे बघत होती.

"बाबा, बंद पडत नाहीये."

"नाही पडत."

"हॉल आलाच की."

"आलाच."

मग ती हळूच म्हणाली, "थोडीशी बंद पाडा ना."

बय्यूमीने चावी फिरवली. गाडी पुलावर मधोमध गप्प झाली.

मागच्या सगळ्या गाड्या एकदम बोंबलल्या. ढोलवाले वळून बघू लागले. पांढऱ्या गाडीतून हाजी रिफअत उतरले. त्यांचा चेहरा बल्बासारखा पेटला होता. "मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं नव्हतं?" त्यांच्या पुढे धावत आला लुत्फी, नवा सूट सावरत, दोन्ही हातांनी बॉनेटवर थापा मारत. "प्लग! कधीपासून सांगतोय मी, प्लग!"

"उस्ता, काय झालं?" सगळा पूल विचारत होता.

बय्यूमीने काच वर घेतली. मग मागे वळून पोरीचा मेंदीचा हात हातात धरला आणि बसून राहिला.