दातवालीची सही

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण तिचं बावीस वर्षं भरलं. ती कवळ्या बनवायची. डॉक्टरकडून जबड्याचा साचा आला की त्यावर मेण चढवायची, एकेक दात बसवायची आणि हिरडी अशी कोरायची की कवळी घालणाऱ्याच्या बायकोलासुद्धा फरक कळू नये. गल्लीत सगळे तिला दातवालीच म्हणत.

घासकामाची भुकटी छातीत बसली आणि खोकला लागला. तिने कारखान्याच्या मालकाकडे धूळ ओढणारा पंखा मागितला. मालकाने दार दाखवलं, वर तिनेच कामाला लागताना सही केलेला कागद वाचून दाखवला. काम सोडल्यावर दहा वर्षं कुठेही कवळी करायची नाही. तब्येतीची तक्रार करायची नाही, कोर्टाची पायरी चढायची नाही. आणि या कागदाबद्दल कुणापाशी बोलायचं नाही.

"सही तुझीच ना?" घरी नवऱ्याने विचारलं.

"माझीच."

"मग तोंडाला कुलूप लाव. कोर्टकचेरी आपल्याला झेपायची नाही."

तिने कुलूप लावलं. शेजारचे आजोबा सैल झालेली कवळी घेऊन दाराशी आले, तर तिने ती हातातसुद्धा धरली नाही. आजोबा रुसले ते कायमचेच.

पुढे एका इमारतीत झाडूपोछ्याचं काम मिळालं. तिसऱ्या मजल्यावर एका वकीलबाईंचं ऑफिस होतं. नऊ वर्षं ती रोज त्यांचं टेबल पुसत होती, कायद्याच्या जाडजूड पुस्तकांवरची धूळ झटकत होती.

एका सकाळी वकीलबाई गाल धरून बसलेल्या. नवी कवळी रुमालावर काढून ठेवलेली.

"डावीकडची कड जास्त सोडलीय," तिच्या तोंडून निघून गेलं. "तिथे जरा घासलं की टोचायची थांबेल."

"तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

ती पांढरीफटक पडली. "मी हात नाही लावला हं, मॅडम. नुसतं बघितलं."

वकीलबाईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिने कागद आणला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मावशी, हे कायद्यापुढे टिकतच नाही. तुमचा धंदाच करू नका, असं कुणी बांधून घेऊ शकत नाही. आणि कोर्टात जायचा हक्क सही करून देता येत नाही. दिला तरी तो जात नाही."

"मग सही कशाला घेतली?"

"तुम्ही भ्यावं म्हणून."

"भ्याले की!" असं म्हणून ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली.

छातीच्या आजाराची भरपाई मागायची मुदत तीन वर्षांची होती, ती केव्हाच उलटली होती. वकीलबाईंनी उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज केला. उशीर का झाला, या प्रश्नापुढे तिने सांगितलं तेच लिहिलं: कागद खरा वाटला. चार महिन्यांनी अर्ज फेटाळला गेला. कायदा माहीत नसणं हे कारण धरता येत नाही म्हणे.

मग वकीलबाईंनी कामासाठी चिठ्ठी देऊन तिला कवळ्यांच्या एका कारखान्यात पाठवलं. तिथे एक मुलगी संगणकाच्या पडद्यावर दात फिरवत होती आणि शेजारचं यंत्र ते कापत होतं. तिथला मालक भला माणूस. त्याने कपाटातून मेण आणि जुनी सुरी काढून दिली. तिने सुरी तापवली. फिनाइलच्या पाण्यात राहून बोटं ताठरली होती; पहिल्याच दाढेपाशी सुरी घसरली. दुसऱ्यांदाही घसरली.

"राहू द्या, मावशी," मालक हळू आवाजात म्हणाला. जुन्या मालकाच्या ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं.

घरी तिने सगळं सांगितलं.

"गप्प बस म्हणालो तो मीच," नवरा म्हणाला.

"सही माझी होती," ती म्हणाली, आणि उठून भांडी घासायला लागली.

ती अजून त्याच इमारतीत जाते. तिसरा मजला चढताना दोनदा थांबावं लागतं. वकीलबाई मात्र हल्ली तिच्याशी नजरानजर नको म्हणून ती झाडून गेल्यावरच ऑफिसात येतात.