शिट्टीताईची होडी

ती पहिल्यांदा नजरेस पडली ती पाठमोरी. तळ्यात कंबरभर पाण्यात उभी, डोक्याला पिवळी टोपी, गळ्यात शिट्टी, आणि दोन्ही तळहातांवर एक गुबगुबीत मुलगा आडवा तरंगत ठेवलेला. काठावर त्याची आई जीव मुठीत धरून उभी होती. पाण्यातल्या बाईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती त्या मुलाला समजावून सांगत होती की तळ्याला तुझ्यात काडीचाही रस नाही, ते आपल्या कामात आहे, तेव्हा तूही निवांत पडून राहा. बोलता बोलता तिने एक हात काढून घेतला, मग दुसरा. मुलगा तरंगतच राहिला. मागे न वळता ती त्याच्या आईला म्हणाली, "आता तुम्ही श्वास सोडा."

शिबिरात तिला सगळे शिट्टीताई म्हणत. वर्षाचे साडेदहा महिने ती एका चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून लोकांच्या नाकांची मापं घेई. उरलेला दीड महिना ती मुलांच्या उन्हाळी शिबिरात तळ्याची प्रमुख असे. लग्न केलं नव्हतं. भाऊ, वहिनी आणि त्यांची एकुलती मुलगी यांच्या घरात मागची खोली तिची होती, आणि शिबिराला पंधरा दिवस असतानाच त्या खोलीत भरलेली बॅग दाराशी येऊन उभी राही. वहिनी म्हणायची, बॅगेला तरी बसू द्या हो जरा.

एकोणीस उन्हाळे तळ्यावर तिचं राज्य होतं आणि त्या राज्याचा कायदा म्हणजे धक्क्यावरची एक फळी. फळीवर डावीकडे लाल खिळे, उजवीकडे पांढरे. प्रत्येक मुलाला आपल्या क्रमांकाचा लाकडी बिल्ला. पाण्यात उतरताना तो लाल खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की पांढऱ्या. दर दहा मिनिटांनी लाल खिळ्यांवरचे बिल्ले मोजायचे आणि पाण्यातली डोकी मोजायची. एकाचा जरी फरक पडला तर तीन शिट्ट्या, की सगळे बाहेर. बिल्ला हरवला तर सुताराकडून नवा येईपर्यंत पाणी बंद. बिल्ल्याशिवाय उतरलं तर उरलेल्या शिबिरभर बंद. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की ज्याचा बिल्ला त्यानेच त्याला हात लावायचा. दुसऱ्याचा बिल्ला हलवला की दुसऱ्या दिवशी पाणी बंद, मग तो कुणीही असो. एका वर्षी खुद्द शिबिरप्रमुखांच्या नातवाला तिने दिवसभर काठावर बसवलं होतं. प्रमुखांनाही तिचा धाक होताच.

शेवटच्या दिवशी मोठी मुलं तळं पोहून पार करत. सोबत दोन होड्या असत आणि आपल्या शेजारी कुणाची होडी हवी हे मुलांनीच ठरवायचं, असा तिथला रिवाज होता. आदल्या दिवशी दुपारच्या विश्रांतीत मुलं होडीघराच्या दाराशी येत. दारावर दोन मोठे खिळे होते, एकेका होडीचा एकेक. हव्या त्या खिळ्याला बिल्ला लावायचा आणि गुपचूप निघून जायचं. दुसऱ्या होडीवर दर वर्षी कुणीतरी नवा कॉलेजातला मुलगा असे. त्यामुळे शिट्टीताईच्या खिळ्यावर बिल्ल्यांचा गठ्ठा होई आणि त्या बिचाऱ्याच्या खिळ्यावर एखाददुसरा. मग ती कपाळाला आठ्या घालून म्हणे, "अरे, एका होडीने किती जणांकडे बघायचं? चार जण उचला आपापले बिल्ले." वर्षभरात इतक्या सुखाने ती दुसरं कोणतंच वाक्य बोलत नसे.

विसाव्या उन्हाळ्यात तिने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. भाऊ म्हणाला, पोरगी सुट्टीभर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसते, तुझ्याबरोबर ने. पोरगी कॉलेजच्या पोहण्याच्या संघात होती, जीवरक्षकाची परीक्षाही पास झालेली. शिट्टीताईनेच प्रमुखांकडे शब्द टाकला आणि दुसरी होडी भाचीला मिळाली.

पहिल्याच सकाळी भाची धक्क्यावरून ओरडली, "आत्या, टॉवेल विसरलीस." पन्नास मुलांनी ते ऐकलं. रात्रीच्या जेवणापर्यंत अख्खं शिबिर शिट्टीताईला आत्या म्हणू लागलं आणि रिकामी झालेली ताईची जागा कुणी न विचारता भाचीकडे गेली. आचारी शिबिराइतकाच जुना आणि जिभेने तिखट. सूप वाढता वाढता तो म्हणाला, "अभिनंदन, तुम्हाला बढती मिळाली." शिट्टीताईने वाटी पुढे केली आणि सूप फार पातळ झालंय असं सांगितलं.

तेव्हापासून तिला भाचीतलं एकेक खुपू लागलं. पोरगी शिट्टी फार लांब वाजवते. पोरगी होडीची गाठ सैल मारते. (गाठ सैल नव्हती. शिट्टीताईने ती दोनदा ओढून पाहिली होती.) पोरीला एकाही मुलाचा बिल्ला-क्रमांक पाठ नव्हता, पण कुणाच्या घरी मांजर आहे आणि कुणाचं नुकतंच मेलं हे सगळं पाठ. ती मोजणीसुद्धा गाण्याच्या चालीत करे, आणि मुलं आपला आकडा आला की पाण्यातून ओ देत. मोजणी चोख होई. हेच तर दुखणं होतं. चुकली असती तर सांगता तरी आलं असतं.

आचाऱ्याजवळ तिने मन मोकळं करून पाहिलं. म्हणाली, जरा जास्तच पुढे पुढे करते ती. आचाऱ्याने बटाटे सोलता सोलता विचारलं, "कुणावर गेली असेल हो?" ती दोन दिवस स्वयंपाकघरात फिरकली नाही.

भाची मात्र घरी होती तशीच इथेही होती. सकाळी आत्याच्या केसांतून कंगवा फिरवून द्यायची, रात्री आत्याच्या पायाला मलम लावायची. शिट्टीताई पाय पुढे करायची आणि पायाला मलम चोळणाऱ्या त्या भरदार खांद्यांकडे बघत राहायची. आपलेही एकेकाळी असेच होते. मग आठवायचं की नव्हते, इतके कधीच नव्हते, आणि झोप उडायची.

तरी तिच्या मनात एक आधार होता. शिबिरात बारा वर्षांची एक मुलगी होती, तिला मुलांनी 'काठावरची' असं नाव ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा पाणी घोट्याला लागलं तरी पांढरी पडायची. पहिला उन्हाळा शिट्टीताई तिच्याशेजारी नुसती पाण्यात उभी राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात मुलगी तिची करंगळी धरून हातपाय मारू लागली. या तिसऱ्या उन्हाळ्यात ती एकटी पोहत होती, आणि यंदा तळं पार करणाऱ्या अकरा जणांच्या यादीत तिचं नाव होतं. बाकीचे दहा बिल्ले जावेत खुशाल भाचीकडे, शिट्टीताई मनाला समजावत होती. हा एक तरी आपला आहे.

निवडीच्या दुपारी ती होडीघरात लाइफजॅकेटांचे पट्टे शिवत बसली. दार पुढे लोटलेलं होतं. बाहेर लाकडावर लाकूड आपटल्याचा टक टक आवाज येई, की तिची सुई थांबे. अकरा वेळा आवाज झाला. पावलं लांब गेल्यावर ती बाहेर आली. तिच्या खिळ्यावर दोन बिल्ले होते. भाचीच्या खिळ्यावर नऊ, आणि सगळ्यात वरचा होता काठावरचीचा.

ती बराच वेळ तिथे उभी होती. मग इकडे तिकडे पाहिलं, तो बिल्ला काढला आणि आपल्या खिळ्याला अडकवला. मुलगी भोळी आहे, कुणीतरी भरीला घातलं असेल, असं काहीतरी ती पुटपुटली. मग आत जाऊन सुईत दोरा ओवू लागली. तीनदा चुकला.

थोड्या वेळाने प्रमुख आले. दोन्ही खिळ्यांवरचे क्रमांक वहीत उतरवून घेतले आणि मुलांना आपापले बिल्ले घेऊन पोहायला जायला सांगितलं. दाराशी एकच झुंबड उडाली. काठावरचीने भाचीच्या खिळ्यावर पाहिलं तर बिल्ला नाही. दुसऱ्या खिळ्यावर पाहायचं तिच्या मनातही आलं नाही. जिथे आपण लावलाच नाही तिथे कशाला बघेल कोण? तिला वाटलं, हरवला. आता नवा यायचा उद्या दुपारी, तोवर सगळे तळं पार करून गेलेले असणार. तीन वर्षांत या मुलीने एकही नियम मोडला नव्हता. त्या दिवशी, हरवल्याचं कुणाला कळू नये म्हणून, ती मान खाली घालून बिल्ल्याशिवाय पाण्यात उतरली.

दहा मिनिटांनी भाचीने मोजणी केली. पाण्यात सव्वीस डोकी, लाल खिळ्यांवर पंचवीस बिल्ले. तिने गाणं थांबवून पुन्हा मोजलं. मग तीन शिट्ट्या झाल्या.

मुलं निथळत धक्क्यावर उभी राहिली. शिट्टीताई धावत आली, बिल्ला कुणाचा नाही म्हणून तिने दरडावून विचारलं, आणि रांगेतून काठावरचीने हात वर केला. तिच्या खांद्यावरून शिट्टीताईला होडीघराचं दार सरळ दिसत होतं. डावा खिळा रिकामा होता. उजव्या खिळ्यावर, तिच्या स्वतःच्या, एक बिल्ला लटकत होता.

भाचीनेही तिकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं. क्षणभरच. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चूक माझी आहे. दार उघडताना बिल्ले माझ्या हातून पडले. परत लावताना खिळा चुकला असेल."

शिट्टीताईची सुटका झाली होती. नुसती मान हलवायची, की प्रकरण मिटलं. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खांदे हिचे, आवाज हिचा, ताईपण हिने नेलं, आणि आता मनाचा मोठेपणाही हीच दाखवणार, तोही सव्वीस मुलांसमोर? आणि आपण जन्मभर हिचे उपकार वागवायचे?

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "बिल्ला मी हलवला. तुझ्या खिळ्यावरचा काढून माझ्या खिळ्याला लावला."

मग पुढच्या रांगेतल्या एका लहानग्याने अगदी सरळ मनाने विचारलं, "मग आत्या, उद्या तुम्हाला पाणी बंद?"

शिट्ट्या ऐकून प्रमुखही आले होते. मोठ्यांच्या बाबतीत जरा वेगळं असतं, असं काहीतरी ते बोलू लागले. शिट्टीताईने त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.

"हो," ती त्या लहानग्याला म्हणाली, "उद्या मला पाणी बंद. हिला मात्र माझ्यामुळे बिल्ल्याशिवाय उतरावं लागलं, हिला काही नाही." आणि गळ्यातली शिट्टी तिने प्रमुखांच्या हातात दिली. माझी होडी कोण नेणार हे तुम्हीच बघा, म्हणाली.

संध्याकाळी ती टॉवेलांच्या घड्या घालत होती तेव्हा काठावरची आली. दाराशीच घुटमळत राहिली. आपण तुमच्या खिळ्याशी आधी गेलो होतो, असं तिने चाचरत सांगितलं.

"मग?"

"तुमची होडी शेजारी असली ना, की मला वाटतं मी अजून शिकतेच आहे. उद्या मला नुसतं पोहायचं होतं."

शिट्टीताईने हातातला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. शेवटी म्हणाली, "डाव्या हाताने पाणी कमी ओढतेस. तेवढं बघ." मुलीने हो म्हटलं आणि ती पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा डोकी आणि दोन होड्या धक्क्यावरून निघाल्या. शिट्टीताई काठावर टॉवेलांचा ढीग घेऊन बसली होती. सवयीने डोकी मोजत होती, आणि मोजता मोजता एक अगदी लहानशी इच्छा करत होती. कुणालाही काही होऊ नये, पण भाचीचं वल्हं एकदा निसटावं. एकदाच. वल्हं निसटलं नाही.

आचारी कपभर कॉफी घेऊन शेजारी येऊन बसला. "एवढ्या लांबचं दिसतं तरी का तुम्हाला?"

"चष्म्याच्या दुकानात आहे मी. दिसतं."

"कशी चालवतेय पोरगी?"

"बरी."

"नुसतीच बरी?"

काठावरची सहावी होती. तिचा डावा हात आता नीट पडत होता. तिच्यापासून दोन हातांवर होडी चालली होती, ना पुढे ना मागे, आणि भाची तिला एका शब्दानेही काही सांगत नव्हती. नुसती वल्हवत होती. शिट्टीताईने कॉफीचा घोट घेतला, तो गिळायला वेळ लावला.

"माझ्याहून सरळ नेतेय," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर आचाऱ्याला तिने कॉफीत साखर कमी असल्याचं सुनावलं.

पलीकडच्या काठावरून मुलांचा गलका ऐकू आला. ताई, ताई, असा. जुन्या सवयीने तिचा हात उत्तरादाखल वर जाऊ लागला होता. तिने तो तसाच नेऊन डोक्यावरची टोपी सारखी केली.

याला चार वर्षं झाली. तळ्याची प्रमुख आता भाची आहे. शिट्टीताई अजूनही दर उन्हाळ्याला जाते आणि सकाळभर उथळ भागात, पाण्याला भिणाऱ्या मुलांना घेऊन उभी असते. यंदा तिच्याकडे सात जण आहेत. घरी दोघी एका टेबलाशी जेवतात, कंगव्यावरून भांडतात आणि शिबिराची बॅग एकत्रच भरतात. भाचीच्या होडीत मात्र ती अजून बसलेली नाही.